पाणचिरा, एक

संग्रामपूर,
रविवार, १८ जानेवारी

प्रिय समता,

सप्रेम जय भीम.

गेल्या मंगळवारी तुझा फोन आला. महामायेच्या शाळेतलं सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन आटोपलं की तुम्ही दोघी साकळदऱ्याच्या तलावावर जाणार, यंदा पाणी बरंच उतरलंय, मधल्या टापूवर पायी जाता येतं असं भोई सांगतात, आणि पोरीने हट्ट धरलाय की बाबांनी पाहिलेला पाणचिरा पक्षी आपण टापूच्या पलीकडे जाऊनच पाहायचा. एवढं सगळं एका दमात सांगून तू विचारलंस, "सर, तुमाले तो नेमका कुठं दिसला होता? तेवढं सांगून द्या, म्हणजे पोरीले तिथंच नेते." मी म्हणालो, फोनवर सांगण्यासारखं नाही, पत्रात लिहून कळवतो. तू हसलीस. "आता कोन पत्र लिवते सर?" म्हणालीस. भूगोलाच्या मास्तराला कोणी 'नेमकं कुठं' असं विचारावं आणि त्याने चटकन नकाशा काढून देऊ नये, हे तुला चमत्कारिक वाटलं असेल. दहावीला तुमच्या वर्गात नदीचं खोरं काढताना कोणी उत्तर दिशा दाखवायला विसरलं तर मी अख्खा मार्क कापायचो. तेव्हा तुझं उत्तर मी देणारच आहे. फक्त ते माझ्या चालीने देऊ दे, कारण दोन वर्षांत मी ते कोणालाही दिलेलं नाही.

मी इकडे आल्याचं तुला कळवलं नाही, याचा राग धरू नकोस. दोन वर्षांपूर्वी मी चंबूगबाळं आवरून हिवरा आश्रमाला मधुवंतीकडे राहायला गेलो तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं की डोळ्यांचं ऑपरेशन आहे, लेकीजवळ असलेलं बरं. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं, तेही पावणेदोन वर्षांपूर्वी. त्यानंतर परत न येण्याला काही कारण नव्हतं. मधुवंती एकदोनदा म्हणाली, बाबा, दुर्बीण कपाटात ठेवून बुरशी लावाल, जवळच एवढा मोठा तलाव आहे, जाऊन तरी या. मी गेलो नाही. तुझा फोन आल्यावर मात्र शनिवारी एसटीने खामगावमार्गे इथे आलो. आमच्या शाळेतले क्लार्क उद्धव, तेही आता पेन्शनीत निघालेत, त्यांच्या घरी उतरलोय. आज पहाटे त्यांची स्कूटी घेऊन निघालो आणि दिवसभर हिंडलो. आधी वाण नदीचं पात्र, मग सोनाळ्याचं गावतळं, आणि दुपारनंतर साकळदरा. तुझा प्रसेनजित आणि मी दर जानेवारीत पक्षी मोजायला ज्या क्रमाने जायचो, त्याच क्रमाने.

नदीवर पोचलो तेव्हा हात इतके गारठले होते की दुर्बिणीचं झाकण निघेना. पाणी वीतभर, मध्ये गोटे, काठाने हरभऱ्याची शेतं. धोबी पक्षी शेपट्या हलवत फिरत होते, आणि पलीकडे लांबलचक गुलाबी पायांचे शेकाटे थंडीला न जुमानता पाण्यात उभे. तुला आमची मोजायची पद्धत ठाऊक आहे, तू एकदोनदा डबा घेऊन आली होतीस तेव्हा पाहिली आहेस. एकाने दुर्बिणीला डोळा लावायचा आणि पक्ष्याचं नाव आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने पाण्याकडे बघायचंच नाही, नुसतं लिहायचं, आणि लिहिताना तो आकडा परत मोठ्याने म्हणायचा, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथल्या तिथे निस्तरते. पंधरा वर्षं आम्ही असं केलं. आज माझ्याजवळ लिहिणारा नव्हता, तरी सवयीने मी म्हणालो, "शेकाट्या, सतरा." आणि समता, मागून कोणीतरी म्हणालं, "सतरा, सर."

मी वळून पाहिलं नाही. सांगायला लाज वाटते, पण नाही पाहिलं. काठाला उंच दरड आहे, तिच्यावरून आवाज परत येतो हे मी स्वतः विद्यार्थ्यांना सहलीला आणून दाखवलेलं आहे. पडसाद कसा तयार होतो यावर माझा एक धडाच पाठ आहे. पण इतक्या वर्षांत पडसाद मला कधी सर म्हणाला नव्हता. मी तसाच दुर्बिणीला डोळा लावून उभा राहिलो, पुढचा आकडा मोठ्याने सांगायची छाती झाली नाही. मग मनातल्या मनात मोजून घाईघाईने लिहून काढलं आणि स्कूटीला किक मारली.

प्रसेनजित माझ्याकडे पहिल्यांदा कसा आला, हे त्याने तुला शंभरदा सांगितलं असेल, पण माझ्या बाजूने ऐक. शाळेची लाइट गेली होती आणि वीज मंडळाचा नवा लाइनमन मैदानातल्या खांबावर चढून बसला होता. लाइट येऊन दहा मिनिटं झाली तरी हा उतरेना. मी खालून ओरडलो, काय बे, वरच संसार मांडतोस का? तर वरून म्हणतो, "सर, ह्या पक्ष्याचं नाव काय हाय? लाल डोये हायेत त्याचे." पलीकडच्या तारेवर कापशी घार बसली होती. मी नाव सांगितलं. त्याच संध्याकाळी चपला हातात घेऊन तो माझ्या ओसरीवर हजर, आणखी चार पक्ष्यांची वर्णनं पाठ करून आलेला. पहिली सात-आठ वर्षं दुर्बिणीवर मी आणि वही त्याच्या हातात. नंतर माझी नजर मंदावली तशी अदलाबदल झाली, त्याने सांगायचं आणि मी लिहायचं. कोणी ठरवून केलं नाही. एके दिवशी त्याने हळूच वही माझ्या हातात दिली आणि स्वतः दुर्बिणीपाशी गेला, एवढंच. त्याने ते इतक्या अदबीने केलं की मला राग आला हे मलाच फार उशिरा कळलं.

एक गोष्ट मात्र मी त्याला शिकवली होती आणि ती त्याने अखेरपर्यंत पाळली. पक्ष्यांच्या तक्त्यात जी चौकट रिकामी राहते तिचा अर्थ, तिकडे कोणी बघितलंच नाही. बघितलं आणि पक्षी नव्हता, तर तिथे शून्य लिहायचं. नवीन पोरं शून्य लिहायचा कंटाळा करतात, त्यांना वाटतं नसलेल्याची कसली नोंद. प्रसेनजित त्यांना दटावायचा, "जो दिसला नाही तोबी लिवा लागते. सरचा नियम हाय." माझ्या नावाने नियम सांगताना त्याला फार मोठेपणा वाटायचा.

नदीवरून सोनाळ्याला आलो. तळ्यावर थापट्या बदकं आणि चक्रांग मिळून शंभरेक होती, एक पाणकावळा पंख पसरून ऊन खात बसला होता. मी आकडे मोठ्याने म्हटले नाहीत. तळ्यावरून परत फिरताना तुमच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटी थांबवली. तुझे सासरे पुंजाजी अंगणात उन्हाला बाज टाकून बसले होते, जनकाबाई सुपात तूर पाखडत होत्या. आणि तुमच्या दर्शनी भिंतीवर तो पक्षी. तू मला फोनवर सांगितलं होतंस की पुंजाजींनी पेंटर आणून काढून घेतलाय, पण तो एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. काळी पाठ, पांढरं पोट, आणि ती शेंदरी चोच, खालचा भाग वरच्याहून लांब. पेंटरने पुस्तकात पाहून अगदी बरहुकूम काढलाय. खाली प्रसेनजितचं नाव आणि ती तारीख. पुंजाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात म्हणे, "माह्या पोरानं जाता जाता पाह्यला तो पक्षी. जिल्ह्यात कोनाले दिसला नोयता." मी आत यायला हवं होतं. जनकाबाईंनी कळण्याची भाकर आणि ठेचा पुढे ठेवल्याशिवाय सोडलं नसतं. मी तोंड फिरवून निघून गेलो, चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. पुंजाजींनी हात वर करून पाहिल्यासारखं वाटलं. ओळखलं की नाही कोण जाणे.

आता त्या रविवारचं सांगतो. दोन वर्षांपूर्वीची साकळदऱ्याची गणती, आम्ही अकरा जण होतो, बुलडाण्याहून कॉलेजची मुलंही आली होती. मी ज्येष्ठ म्हणून मोठ्या दुर्बिणीचा पहिला मान मला दिला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि ते मी कोणालाही, मधुवंतीलाही सांगितलं नव्हतं. मी बराच वेळ न्याहाळून जाहीर केलं, "पट्टकदंब, चौदा." हिमालयापलीकडून येणारे हंस आपल्याकडे म्हणजे मोठीच बातमी. मुलं आनंदली. प्रसेनजितने दुर्बिणीला डोळा लावला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, ते भोयांच्या जाळ्याचं थर्माकोल होऊन राह्यलं." कानाशीच म्हणाला बिचारा. पण एका पोराने ऐकलं आणि मग सगळे हसले. मीही हसलो. गुरूची विद्या गुरूला फळली, असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. दिवसभर त्यानंतर मी पाहिलेलं प्रत्येक पाखरू कोणीतरी दुसऱ्यांदा तपासून पाहत होतं. प्रसेनजित नाही, ती मुलं. तरी माझा राग सगळा त्याच्यावर जमा होत गेला.

चारच्या सुमाराला त्याला फोन आला, सोनाळा फीडर बंद पडलाय म्हणून. तो गेला, मुलंही पांगली. मी एकटाच काठावर बसून राहिलो. उन्हं कलताना टापूच्या बाजूने एक पक्षी पाण्यालगत उडत गेला. आणि मी मोबाईल काढून आमच्या पक्षिमित्रांच्या ग्रुपवर लिहिलं : पाणचिरा, एक. साकळदरा, टापूच्या पलीकडची कड. सायंकाळी ५.४०. पाणचिरा मी तिशीत असताना एकदाच, चंबळेच्या वाळूवर पाहिला होता. तो कसा उडतो, खालची चोच पाण्यात बुडवून, मागे सरळ रेघ ओढत, हे मी प्रसेनजितला ओसरीवर बसून इतक्यांदा सांगितलं होतं की त्यालाही तो पाहिल्यासारखाच झाला होता. दर हिवाळ्यात त्याचं एकच पालुपद, "सर, आपल्याकडं येईन का हो तो एखाद साल?" ग्रुपवर धडाधड अभिनंदनं आली. थर्माकोलवर हसलेल्या पोराने तर हात जोडल्याची चित्रं पाठवली.

रात्रीच्या जेवणाआधी प्रसेनजितचा फोन आला. "सर, फोटो काढला का?" मी म्हणालो, नाही. मग म्हणाला, "पक्का तोच ना सर?" त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच विचारलं असतं, मीच त्याला विचारायला शिकवलं होतं. मी म्हणालो, तुला माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांग. तो गडबडला. "तसं नाई हो सर. सकाईच जातो मी. ड्युटी दहाले हाय." तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी रोज ऐकतो समता. मी म्हणालो, जा, बघ, तुझ्या नशिबात असेल तर दिसेल.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तू माझ्याआधी नाही, पण माझ्याइतकंच जाणतेस. भोयांचा मला साडेअकराला फोन आला. मी पोचलो तेव्हा काठावर दुर्बीण तिच्या तिवईवर उभी होती, टापूकडे तोंड करून. शेजारी पिशवी, डबा, नीट जोडून ठेवलेले बूट. काठापासून टापूपर्यंत गाळाचा पट्टा होता. वरून वाळून भेगा पडलेल्या, आत कमरेच्या वर चिखल, आणि मधोमध जुन्या नाल्याचं खोल पात्र. पावलं अर्ध्यापर्यंत दिसत होती. दुपारी त्याला बाहेर काढलं. तू आलीस, त्याच्याकडे पाहिलंस, आणि रडण्याआधी विचारलंस, "त्याची वही?" ती हिरव्या पुठ्ठ्याची वही तो खिशाशिवाय कुठे ठेवायचा नाही हे तुला ठाऊक होतं. मी म्हणालो, पाण्यात गेली असेल गं.

मग विहारातली ती शोकसभा. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. समोर तू बसली होतीस, मांडीवर महामाया, आठ वर्षांची, कोणाचा तरी मोठा स्वेटर घातलेली. मला तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्याजवळ काही नव्हतं. मी म्हणालो, ज्या पक्ष्यासाठी तो गेला तो त्याला शेवटी दिसला असणार, अशी माझी खात्री आहे. तू मान वर केलीस. तुझा चेहरा जरा सैल पडला, आणि पुंजाजींनी डोळे पुसले. त्याच क्षणी मला कळलं की आता हे परत घेता येणार नाही. आठवडाभराने मी गाव सोडलं.

दोन वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आलो. मोतीबिंदू. म्हातारा माणूस, तिन्हीसांजेची वेळ, डोळ्यांपुढे धुकं, थर्माकोलला हंस म्हणणाऱ्याने सुरय पक्ष्याला पाणचिरा म्हटलं तर त्यात नवल काय? चूक झाली, अपराध नव्हे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पट्टी काढली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे बारीक आकडे दिसले तेव्हा मला आनंद झाला नाही. तो मोतीबिंदू हाच माझा साक्षीदार होता, आणि तोच काढून टाकला.

आज दुपारी दोनपासून सूर्य बुडेपर्यंत साकळदऱ्याला होतो. पाणी खरंच फार उतरलंय. काठापासून टापूपर्यंतचा पट्टा वरून खडखडीत दिसतो, शेळ्यांच्या लेंड्यासुद्धा पडल्यात त्यावर. मी भोयांच्या खोपीतला एक बांबू मागून घेतला आणि काठापासून पंचवीस पावलांवर खुपसून पाहिला. पहिली चार बोटं टणक लागली. पुढे दोन हात बांबू काही जोर न लावता आत गेला आणि काढताना मला काढवेना, भोयाने येऊन काढला. शेळीचं वजन ती साय पेलते, माणसाचं नाही. जो तुला पायी जाता येतं म्हणाला तो स्वतः गेला नसणार.

मग मी त्या संध्याकाळी जिथे बसलो होतो त्या दगडावर जाऊन बसलो. नव्या डोळ्यांना सगळं लख्ख दिसत होतं. टापूवर बाभळींची दाट रांग आहे, आजची नाही, वीस वर्षांची. त्या दगडावरून टापूची पलीकडची कड दिसतच नाही. काठावर कुठेही बसलं तरी दिसत नाही. जिथे कोणी जाऊन तपासणार नाही अशी जागा मी नकाशातून शोधून काढली होती, भूगोल चाळीस वर्षं शिकवल्याचा तेवढा उपयोग झाला. आणि प्रसेनजितला ते पोचल्यापोचल्या दिसलं असणार. ज्या जागेवरून सरांनी पाणचिरा पाहिला म्हणतात तिथून ती कड दिसत नाही, हे त्याला न कळायला तो काही कॉलेजचं पोर नव्हता. तिथे पाहायचं तर गाळातून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी गणती पुरी केली. नदीवर झालं तेच पुन्हा झालं. "थापट्या, चव्वेचाळीस," म्हणालो, मागून आलं, "चव्वेचाळीस, सर." इथे दरड नाही, नुसतं उघडं माळरान आहे. "चक्रवाक, नऊ." "नऊ, सर." मी घाबरलो नाही आता. बरं वाटत होतं म्हटलं तर तू मला वेडा म्हणशील, पण वाटत होतं. असं करत तक्त्याच्या तळाशी आलो. मागच्या वर्षी मुलांनी ती चौकट मोकळी सोडली होती, सरांचा पक्षी म्हणून. मी मोठ्याने म्हणालो, "पाणचिरा, शून्य." आणि थांबलो. सूर्य बुडेपर्यंत थांबलो. परत कोणी काही म्हणालं नाही.

आता तुझं उत्तर. तो सुरय होता, समता. साधा नदीसुरय, पिवळ्या चोचीचा, आपल्याकडे बारा महिने दिसतो. माझे डोळे कितीही अधू असले तरी त्याची ती हेलकावे घेत उडायची लकब मी झोपेतही ओळखेन, आणि मी ओळखली होती. नाव लिहिताना मला ठाऊक होतं की मी खोटं लिहितोय. प्रसेनजितला जे सगळ्यांत जास्त हवं होतं ते मला दिसलं आणि त्याला नाही, एवढं एका रात्रीपुरतं मला हवं होतं. त्याच्या मृत्यूला मी कारण आहे. हे तोंडाने सांगायला तुमच्या दारापर्यंत येऊन मी परत फिरलो, म्हणून हे पत्र उद्धवांच्या हाती पाठवतोय. ग्रुपवर थोड्या वेळापूर्वी लिहिलं की माझी ती नोंद खोटी होती, ती काढून टाका. भिंतीवरच्या चित्राचं काय करायचं ते पुंजाजी ठरवतील, त्यांना तू सांगणार असशील तर सांग, मी सांगावं असं वाटलं तर निरोप दे. गुरुवारपर्यंत मी इथेच आहे. येऊ नका म्हणालीस तर तेही रास्तच आहे. पत्रासोबत एक पुडकं आहे, त्यात त्याची हिरवी वही आहे. ती पाण्यात गेली नव्हती. तिवईपाशी पिशवीवर उघडी पडली होती, वाऱ्याने पान उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. पोलिसांचा पंचनामा व्हायच्या आत मी ती उचलून स्वेटरखाली दडवली, कारण उघडं पान मी वाचलं होतं. त्याने नियम पाळला होता. साडेसहा, पाणचिरा शून्य. सात, शून्य. साडेसात, शून्य. आठ, शून्य. प्रत्येक शून्य पुरा गोल, मी शिकवला तसा. त्याखाली लिहिलंय, "इथून टापूची मागची कड दिसत नाही. पण सर म्हणले म्हणजे असनच. पलीकडून पाहून येतो." महामायेला टापूवर नेऊ नकोस. तिथे काही नव्हतं.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
देवेश सर